जहाज लुटायची सरकारी सनद: १८६१ मध्ये अर्ज कसा करायचा

एप्रिल १८६१. अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं फुटून निघालेली, आणि त्यांच्याकडे आरमार जवळजवळ नाहीच. १७ तारखेला त्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी जाहीरनामा काढला: ज्याला स्वतःचं जहाज स्वखर्चाने शस्त्रसज्ज करायचं असेल, त्याने ‘लेटर ऑफ मार्क’साठी अर्ज करावा. म्हणजे उत्तरेची व्यापारी जहाजं पकडायची सनद. ६ मेच्या कायद्याने तिचे नियम पक्के झाले.

अर्ज लेखीच हवा. त्यात जहाजाचं नाव, वर्णन, टनेज, शस्त्रबळ, खलाशी किती नेणार तो आकडा आणि प्रत्येक मालकाचं नाव व राहण्याचं ठिकाण. सही करून तो परराष्ट्र खात्याच्या मंत्र्याकडे किंवा बंदरातल्या जकात अधिकाऱ्याकडे द्यायचा.

खरी अडचण जामिनाची. ५,००० डॉलरचा बाँड, आणि जहाजावर १५० हून जास्त माणसं असतील तर १०,०००. मालक आणि कप्तानाबरोबर निदान दोन ऐपतदार जामीनदार लागत, आणि त्यांचा जहाजात हिस्सा चालत नसे. भागीदारच भागीदाराला जामीन, ही पळवाट बंद! कायदे पाळू, बेकायदा नुकसान केलं तर भरून देऊ, सनद रद्द झाली तर परत करू, असं त्यात लिहून द्यायचं.

सनद मिळाली म्हणून माल आपला होत नसे. पकडलेलं जहाज बंदरात आणायचं, कोर्टाने निकाल दिला की मगच वाटप. लेखी करार नसेल तर निम्मं मालकांना, निम्मं अधिकारी-खलाशांना. शेकडा ५ विधवा, अनाथ आणि जखमींच्या निधीत. शिवाय कप्तानाने रोजनिशी ठेवायची.

पण समोरचा ही सनद मानत नसेल तर? आपल्याकडे कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल, इंग्रजांच्या लेखी मात्र चाचे. तोच वाद इथे. उत्तरेचे अध्यक्ष लिंकन यांनी १९ एप्रिललाच बजावलं होतं की अशांना चाचे समजू. दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदराच्या ‘सवाना’ या छोट्या सनदी जहाजाने ३ जूनला क्यूबाहून साखर आणणारं ‘जोसेफ’ पकडलं. त्याच दिवशी आणखी एक सावज दिसलं म्हणून पाठलाग केला, तर ती निघाली उत्तरेची युद्धनौका ‘पेरी’. ‘सवाना’च पकडली गेली, आणि तिच्या खलाशांवर न्यूयॉर्कमध्ये चाचेगिरीचा खटला चालला. ज्यूरीचं एकमत झालं नाही. फिलाडेल्फियात मात्र ‘जेफरसन डेव्हिस’ नावाच्या जहाजावरचा विल्यम स्मिथ दोषी ठरला. त्यावर दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, उत्तरेच्या कैद्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या: तुम्ही आमचा फाशी दिलात, तर आम्ही तुमचा देऊ. स्मिथच्या बदली चिठ्ठी निघाली कर्नल मायकल कॉर्कोरनची. १८६२ च्या सुरुवातीला उत्तरेने या खलाशांना युद्धकैदी मानलं.

तोवर धंदा बसलाच होता. दक्षिणेच्या बंदरांना नाकेबंदी, आणि ब्रिटनने जून १८६१ मध्येच अशी लूट आपल्या बंदरांत आणायला मनाई केलेली. लुटलेलं जहाज न्यायचं कुठे? मार्च १८६३ मध्ये उत्तरेच्या काँग्रेसनेही लिंकनना अशा सनदा द्यायचा अधिकार दिला. त्यांनी एकही दिली नाही.