दहा टक्क्यांची रेघ आली कुठून? प्रबंधांतल्या उचलेगिरीची आणि तिच्यावरच्या नियमांची पार्श्वभूमी

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की विभागात एकच प्रश्न फिरू लागतो : "किती टक्के आले?" म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो असे सॉफ्टवेअरने दाखवले. नऊ आले तर सुटका, तेरा आले तर पळापळ. 'प्लॅजरिझम (उचलेगिरी) कमी करून मिळेल' अशा जाहिराती याच पळापळीवर जगतात. प्रबंध कसा लिहिला गेला हे सोडून आकडा कसा उतरवायचा यावर इतकी मेहनत का घेतली जाते, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

इंटरनेटच्या आधी प्रबंधाच्या मोजक्या टंकलिखित प्रती निघत. एखादी ग्रंथालयात जाई, बाकीच्या मार्गदर्शकाकडे आणि परीक्षकांकडे. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्रबंधातून प्रकरण उचलले, तरी ते पकडायला मूळ प्रबंध वाचलेला परीक्षक भेटावा लागे. सगळी राखण परीक्षकाच्या वाचनावर आणि स्मरणावर होती. १९८६ साली दिल्लीत काही शास्त्रज्ञांनी 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' स्थापन केली. ती तक्रारींची छाननी करून निष्कर्ष जाहीर करी, पण शिक्षा देण्याचा अधिकार तिला नव्हता.

२००२ साली नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठाचे प्रकरण देशभर गाजले. तिथल्या कुलगुरूंचे नाव असलेला कृष्णविवरांवरचा शोधनिबंध स्टॅनफर्डमधल्या संशोधिकेच्या आधीच्या निबंधावरून उतरवल्याचे उघड झाले. स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले, चौकशी झाली आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. राष्ट्रपतींपर्यंत जावे लागले, कारण अशा तक्रारीसाठी ठरलेली वाटच विद्यापीठांत नव्हती.

पुढचे दोन बदल परस्परविरोधी दिशांनी ओढणारे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात प्रबंध सर्वांना वाचायला मिळू लागले. कपाटातली चोरी उजेडात येण्याची सोय झाली. लगेच २०१० मध्ये आयोगाने शिक्षकांच्या निवड-बढतीसाठी एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे गुण आणले. प्रत्येक निबंधाला गुण म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधाआधी किमान एक निबंध छापण्याची अट २००९ च्या नियमांपासूनच होती (२०२२ मध्ये ती काढली), त्यामुळे तोही या बाजारात ढकलला गेला. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. विद्यार्थ्यांच्या उचलेगिरीबद्दल बोलताना ही बाजू वगळणे अन्यायाचे आहे. निबंधांची मागणी वरून आली होती.

जुलै २०१८ मध्ये राजपत्रात आलेल्या आयोगाच्या उचलेगिरीविरोधी नियमांनी पहिल्यांदा शिक्षांची उतरंड ठरवली. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची. ४० च्या वर ६० पर्यंत, तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. तीच चूक पुन्हा केली की शिक्षा एक पायरी वर सरकते. तक्रार आधी विभागाच्या तीन सदस्यांच्या समितीकडे जाते. तिला ४५ दिवसांत अहवाल संस्थेच्या समितीकडे द्यावा लागतो, आणि संस्थेच्या समितीलाही ४५ दिवसांचीच मुदत आहे.

याच नियमांत एक कलम आहे, ते फार थोडे लोक वाचतात. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी हा गाभ्याचा भाग पूर्णपणे स्वतःचा हवा. तिथे साम्य चालणार नाही. सवलत फक्त सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणाऱ्या, सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुराला. व्यवहारात मात्र अहवालाच्या पहिल्या पानावरचा एकूण आकडा पाहून सही होते. २५० पानांच्या प्रबंधात १० टक्के म्हणजे २५ पाने, एक अख्खे प्रकरण. ते जसेच्या तसे उचलले तरी आकडा रेघेच्या अलीकडे राहतो. उलट कायद्याच्या प्रबंधात कलमे शब्दशः द्यावीच लागतात. अवतरणे न वगळता तपासणी केली, तर प्रामाणिक विद्यार्थ्याचा आकडाही २५ वर जाऊ शकतो.

सॉफ्टवेअर करते ते इतकेच : मजकुराचे छोटे तुकडे पाडून आपल्या साठ्यातल्या तुकड्यांशी जुळवते. आपली प्रत तपासताना ती साठ्यात जतन होऊ दिली, तर दुसऱ्या खेपेला प्रबंध स्वतःशीच जुळून जवळजवळ १०० टक्के दाखवतो. म्हणून कच्ची प्रत 'जतन करू नये' हा पर्याय निवडूनच टाकावी. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणे वगळण्याची मुभा नियमांतच आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये ती खूण आपणहून करावी लागते. अहवाल हाती आल्यावर एकूण आकड्याच्या आधी स्रोतांची यादी पाहावी. पन्नास ठिकाणचे थोडेथोडे साम्य बहुधा निरुपद्रवी असते. एकाच स्रोताशी सहा-सात टक्के जुळत असेल, तर ती पाने मूळ मजकुराशेजारी ठेवून वाचलीच पाहिजेत.

२०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना सॉफ्टवेअर पुरवले जाऊ लागले, आधी उरकुंड आणि नंतर ड्रिलबिट. मराठी प्रबंधांची अडचण त्याने फारशी सुटली नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँट-पद्धतीत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात वेगळीच चिन्हे असतात. सॉफ्टवेअर तीच वाचते आणि शून्याच्या जवळपासचा आकडा देते. पारख सोपी आहे. पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर त्या अहवालाला अर्थ नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत) आणावा लागेल. स्कॅन केलेल्या जुन्या प्रबंधांचे तसेच, ती नुसती चित्रे असतात. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकातला उतारा 'कांहीं'चे 'काही' करत आजच्या शुद्धलेखनात उतरवला, तर शब्दच जुळत नाहीत. इंग्रजी प्रकरणाचे मराठी भाषांतर करून आपले म्हणून खपवणे तर अशा जुळवणीच्या नजरेतून सहज निसटते. मराठीत ही चोरी पकडणारा आजही विषय जाणणारा परीक्षकच आहे.

नियमांना आणखी एक मोठी कुंपणरेघ आहे. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका हे सगळे त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या शिक्षा पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांपुरत्या आहेत. सवय मात्र त्याच्या खूप आधी लागते. प्रयोगवहीत वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलमधली रीडिंग उतरवायची, कारण सबमिशनला सही मिळते ती वही पूर्ण असण्यावर. डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. चांगलाच आहे, पण श्रेय कसे द्यावे हे पंचविशीत पहिल्यांदा शिकवणे फार उशिराचे आहे. चार वर्षांच्या पदवीत आता १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला आहे. म्हणजे हा प्रश्न पदवीच्या वर्गातच उभा राहणार.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आकड्याचा आधार आणखी डळमळला. यंत्राने नव्याने जुळवलेली वाक्ये कुठल्याच साठ्यात नसतात, त्यामुळे साम्य दोन-तीन टक्केही येऊ शकते. ती ओळखणारी साधने बेभरवशाची आहेत. ओपनएआयने स्वतःचे असे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतले. त्यामुळे अशा साधनाच्या एकट्या आकड्यावरून विद्यार्थ्याला दोषी धरू नये. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे, ही २०१८ च्या नियमांतली व्याख्या पुरेशी रुंद आहे. टक्क्यांची उतरंड तिला पुरी पडत नाही. मार्गदर्शकाने दर तिमाहीला तारखेसह कच्चा मसुदा, मूळ नोंदी आणि वापरलेल्या स्रोतांची प्रत्यक्ष पाने मागून घ्यावीत. मौखिक परीक्षेत प्रबंधातला कुठलाही परिच्छेद उघडून 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असे विचारावे आणि उत्तर त्या पानांशी ताडून पाहावे.