इंदुरात वसुलीचं काम धरताय? आधी डीआरए करून घ्या

बारावी झाली, बाइक आहे, म्हणून आपल्या सुदामानगर-लोकमान्यनगरकडची पोरं वसुली एजन्सीत लागतात आणि सर्टिफिकेटचं विचारलं की एजन्सीवाला म्हणतो "ते बघू नंतर". असं करू नका रे, बँकेच्या थकलेल्या कर्जाची वसुली करायची तर डीआरएचं (डेट रिकव्हरी एजंट, म्हणजे कर्जवसुली एजंटचं) ट्रेनिंग आणि परीक्षा लागतेच, आरबीआयने २००८ पासूनच तसं बँकांना सांगून ठेवलंय.

वय १८ पूर्ण आणि कमीत कमी दहावी पास, एवढं पुरतं. ट्रेनिंग ग्रॅज्युएटला ५० तास, बाकीच्यांना १०० तास, पण ते आयआयबीएफची (ही परीक्षा घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स) मान्यता असलेल्या संस्थेतूनच झालं पाहिजे, म्हणून पलासियाला बोर्ड दिसला की लगेच फी भरू नका, आधी आयआयबीएफच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव बघा. परीक्षेचा फॉर्मही संस्थेमार्फतच जातो. पेपर ऑब्जेक्टिव्ह, १०० पैकी ५० मार्कांना पास, आणि मराठीतूनही देता येतो.

कागदपत्रं म्हणजे दहावीची मार्कशीट, ग्रॅज्युएट असाल तर डिग्री, फोटो, ओळखपत्र. कामावर घेताना पोलीस व्हेरिफिकेशनही मागतात, त्यामुळे जुनी मारामारीची केस वगैरे असेल तर लपवू नका.

आता बंदीचं, कारण हे कोणी सांगतच नाही. एजन्सीचं वागणं वाईट म्हणून बँकेने काँट्रॅक्ट तोडलं तर कारणासकट इंडियन बँक्स असोसिएशनला कळवावं लागतं, तिथे सावधगिरीची यादी असते आणि ती सगळ्या बँकांकडे फिरते. म्हणजे एका बँकेतून हाकललेल्या एजन्सीला दुसरीकडेही दार बहुधा बंद. शिवाय आरबीआय एखाद्या भागापुरती बँकेला एजंट ठेवायलाच काही काळ मनाई करू शकतं. २०२२ च्या सप्टेंबरात हजारीबागच्या (झारखंड) प्रकरणानंतर, म्हणजे ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गरोदर बाईचा जीव गेला त्यानंतर, आरबीआयने महिंद्रा फायनान्स या कर्ज देणाऱ्या कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली बंद करायला लावली होती, ती मनाई थेट जानेवारी २०२३ मधे उठली, आणि तेवढे दिवस ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या पोरांचंही काम गेलंच की!

म्हणून दारावर जाताना आयकार्ड, बँकेच्या नोटिशीची कॉपी आणि एजन्सीचा फोन नंबर असलेलं ऑथरायझेशन लेटर जवळ ठेवाच. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, शेजाऱ्यांसमोर अपमान नाही. एजन्सी हे लेटरच देत नसेल तर तिथे जॉइन होऊ नका, पगार कितीही सांगू दे.