थेरपीत दिलेली हिंसेची धमकी

सेशनमध्ये क्लायंट म्हणाला की "त्याला मी सोडणार नाही", तर ते नुसतं रागाचं बोलणं आहे की खरंच काही घडू शकतं हे तपासणं आणि त्याप्रमाणे पाऊल उचलणं, हा थेरपिस्टच्या कामाचा एक अवघड भाग आहे. बहुतेकदा ते रागाचंच बोलणं निघतं, आणि राग ओकायलाच तर माणूस तिथे येतो, त्यामुळे असं वाक्य कानावर पडलं की लगेच पोलिसांना फोन लावायचा नसतो, पण ऐकून सोडूनही द्यायचं नसतं.

आधी सरळ विचारायचं. नेमकं कोणाला? कसं? हत्यार हाताशी आहे का, तो माणूस कुठे राहतो माहितीये का, त्याच्या मागावर गेला होतास का? नवीन थेरपिस्ट इथे कचरतात, त्यांना वाटतं विचारलं तर नसतं खूळ डोक्यात भरेल, ही भीती फुकटची आहे. "मुडदाच पाडतो त्याचा" असं ओरडून नंतर रडणारा क्लायंट आणि "गुरुवारी तो ऑफिसातून एकटाच निघतो" असं थंडपणे सांगणारा क्लायंट, यातला दुसरा जास्त काळजीचा. मग मागचं बघायचं, म्हणजे पूर्वी मारहाण केलीये का (याला फार वजन असतं), दारू-ड्रग्स, नुकतंच झालेलं ब्रेकअप, कोणीतरी आपल्या जिवावर उठलंय असा भ्रम, आणि आत्महत्येचे विचारही, कारण दोन्ही कधीकधी सोबत असतात. नुसता मानसिक आजार आहे म्हणून माणूस धोकादायक ठरत नाही. हिंसेचा धोका जोखायची एचसीआर-२० नावाची एक पद्धत आहे, तिच्या २० मुद्द्यांपैकी १० भूतकाळाचे, ५ सध्याच्या मनःस्थितीचे आणि ५ पुढच्या परिस्थितीचे, पण भविष्य कुठलाच फॉर्म सांगत नाही.

गोपनीयतेचं काय, हा प्रश्न टॅरासॉफ खटल्याने ऐरणीवर आणला. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एका विद्यार्थ्याने आपल्या सायकॉलॉजिस्टला सांगितलं की मी अमुक मुलीला मारणार, सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी चौकशी केली, पोरगा शुद्धीत बोलतोय म्हणून सोडून दिलं, नंतर तो थेरपीला परत आलाच नाही आणि ऑक्टोबरमध्ये त्याने तिचा, म्हणजे तातियाना टॅरासॉफचा, खून केला. तिला किंवा घरच्यांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. १९७४ मध्ये कोर्ट म्हणालं सावध करणं हे कर्तव्य आहे, १९७६ मध्ये तेच कोर्ट म्हणालं की कर्तव्य वाचवण्याचं आहे, सावध करणं हा त्यातला एक मार्ग. नियम सगळीकडे सारखे नाहीत, अमेरिकेतही राज्याराज्यात वेगळे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यापुरती माहिती द्यायची मुभा देतं, म्हणजे अख्खी फाइल उघडायची नाही.

प्रत्यक्षात पायरीपायरीने जातात. धोका कमी वाटला तर सेशन वाढवायचे, हत्यार घरातून दुसरीकडे ठेवायला क्लायंटला तयार करायचं, त्याच्या परवानगीने जवळच्या माणसाला सोबत घ्यायचं, औषधासाठी सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं. धोका समोरच दिसत असेल तर हॉस्पिटलमध्ये भरती, पोलीस, आणि ज्याच्यावर डोळा आहे त्याला सांगणं. शक्य असेल तर क्लायंटला आधी सांगून करतात, त्याच्यासमोरच फोन लावणारेही असतात, नाहीतर विश्वास तुटतो आणि माणूस नजरेआड जातो. हा निर्णय एकट्याने घेणं म्हणजे आगाऊपणा, सुपरव्हायझरशी बोलायचं, आणि काय ऐकलं, काय विचारलं, अमुक पाऊल का उचललं किंवा का नाही उचललं हे त्याच दिवशी नोट्समध्ये लिहायचं.