हीबर खोऱ्यातलं नवं टेंपल आणि दाराचा जुना प्रश्न

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हीबर खोऱ्यात मॉर्मन चर्चचं, म्हणजे तिथेच जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाचं, नवं टेंपल होणार, अशी घोषणा चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. वर्षभरात भूमिपूजनही झालं. अठरा एकरांच्या आसपास जागा, सुमारे ८८ हजार चौरस फुटांचं बांधकाम आणि २१० फुटांचा मनोरा. २०२३ मध्ये वसॅच काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, बाहेरच्या दिव्यांचे नियम बदलले, नोव्हेंबरमध्ये टेंपलला परवानगी दिली आणि शेजारचे काही रहिवासी कोर्टात गेले. बातम्यांत दिसतो तो उंचीचा, उजेडाचा आणि रहदारीचा वाद. पण याच भागात वाढलेली आणि पुढे चर्च सोडलेली माणसं या टेंपलविषयी बोलायला लागली की गाडी थोड्याच वेळात दारापाशी येते. आत कोणाला घेणार आणि बाहेर कोण थांबणार?

रविवारची प्रार्थना टेंपलमध्ये होत नाही. ती वस्तीतल्या साध्या चॅपलमध्ये होते आणि तिथे कुणीही जाऊन बसू शकतं. टेंपलमध्ये होतात ते खास विधी: पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा, ‘एंडाउमेंट’ हा शपथेचा विधी, आणि नवरा-बायकोला मरणापलीकडेही बांधून ठेवणारं ‘सीलिंग’. आत जायला ‘रिकमेंड’ लागतं. दिसायला ते खिशात मावेल एवढं कार्ड; पण त्यासाठी आधी बिशपसमोर, म्हणजे वस्तीतल्या मंडळीच्या प्रमुखासमोर, आणि मग अशा अनेक मंडळ्यांवरच्या स्टेक प्रेसिडेंटसमोर बसून ठरलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा भरता का, दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य केलीत का. दर दोन वर्षांनी पुन्हा तेच. चर्च सोडलं की रिकमेंड जातंच, पण श्रद्धा शाबूत असूनही ज्याचा दशांश थकतो त्यालाही ते मिळत नाही.

सगळ्यात खोल जखम लग्नाची. सीलिंगची खोली बहुधा लहान असते. मधोमध कापडाने मढवलेली वेदी, तिच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसलेलं जोडपं, हातात हात. समोरासमोरच्या भिंतींवर आरसे, त्यांत दोघांच्या प्रतिमांची न संपणारी रांग. कडेने खुर्च्या मांडलेल्या असतात. रिकमेंड नसलेल्या आईला त्यांतल्या एकाही खुर्चीवर बसता येत नाही. चर्च सोडलेला बाप, दुसऱ्या धर्माची काकू, वयात न आलेली धाकटी भावंडं प्रतीक्षागृहात नाहीतर बाहेरच्या हिरवळीवर ताटकळतात. नवरा-नवरी दारातून बाहेर आली की फोटोला उभी राहतात. आपल्या मुलीचं लग्न लागताना आपण भिंतीपलीकडे होतो, हे दुःख वर्षं लोटली तरी उतरत नाही. ते ज्यांनी सोसलं त्यांच्यासमोर नवं टेंपल उभं राहतं तेव्हा ते मनोऱ्याचे फूट मोजत नसतात.

आधी चारचौघांत लग्न लावावं आणि मग टेंपलमध्ये जावं, हा मार्ग होता. पण अमेरिकेत तसं केलं तर सीलिंगसाठी वर्षभर थांबायला लागे. थांबलेल्या जोडप्याकडून काहीतरी पाप घडलं असणार, अशी कुजबुजही व्हायची. ब्रिटनमध्ये मात्र लग्न सर्वांना खुलं असलं पाहिजे असा कायदा असल्यामुळे तिथले मॉर्मन आधी सर्वांसमक्ष लग्न करत आणि लगोलग टेंपल गाठत. म्हणजे धर्मतत्त्व आड येत नव्हतं. ६ मे २०१९ रोजी चर्चने वर्षभराची अट काढली. चांगलं झालं. पण ज्यांच्या घरची कार्यं त्याआधीच उरकली त्यांना त्याचा काय उपयोग?

हा प्रश्न आता आपल्याही जवळ आला आहे. बंगळूरच्या टेंपलची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये आणि भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. भारतातल्या कित्येक सदस्यांचे आईवडील या पंथातले नाहीत, आणि सीलिंगच्या खोलीचा नियम इथेही तोच.

हीबरमध्ये हे जास्त बोचतं, याचं कारण मला तिथल्या जुन्या इमारतीत दिसतं. १८५९ मध्ये इथे वस्ती झाली आणि हीबर किंबॉल या धर्मनेत्याचं नाव गावाला मिळालं; इंग्लंडमध्ये अनेकांना पंथात आणणारे तेच. पुढे १८८० च्या दशकात गावाने लाल वालुकाश्माचं टॅबरनॅकल बांधलं. टॅबरनॅकल म्हणजे मोठं सभागृह: प्रवचनं, गाणं, सभा, आणि यायला कुणालाही मोकळीक. विसाव्या शतकात ते पाडायची वेळ आली तेव्हा लोकांनी ते वाचवलं आणि पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली. शेजारच्या कोलव्हिलचं टॅबरनॅकल मार्च १९७१ मध्ये विरोध डावलून पाडलं गेलं. युटातल्याच प्रोव्हो शहराचं डिसेंबर २०१० मध्ये जळालं. चर्चने बाहेरच्या भिंती जपून आत टेंपल उभारलं, त्याचं समर्पण मार्च २०१६ मध्ये झालं. काम देखणं आहे, यात शंका नाही. पण शंभराहून जास्त वर्षं जिथे अख्खं गाव बसत होतं तिथे आता कार्ड दाखवावं लागतं.

मनोऱ्याचं भांडणही नवं नाही. बॉस्टनजवळच्या बेलमाँटमधलं टेंपल ऑक्टोबर २००० मध्ये मनोऱ्याविनाच सुरू झालं, कारण प्रकरण कोर्टात होतं. २००१ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला आणि मनोरा चढला. टेक्ससमधल्या फेअरव्ह्यू गावाने २०२४ मध्ये सुमारे १७४ फुटांचा मनोरा नाकारला, २०२५ मध्ये १२० फुटांना होकार दिला. उंची श्रद्धेचा भाग आहे असं चर्च म्हणतं. त्यावर पंथ सोडलेली मंडळी हवाई, अ‍ॅरिझोना आणि कॅनडातली मनोरा नसलेली जुनी टेंपलं दाखवतात. तो मुद्दा मला बिनतोड वाटतो.

पैशाचा राग वेगळाच. नेल्सन यांनी २०१८ पासून २०० टेंपलं जाहीर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था एन्साइन पीक यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड झाला. शेअरमधली प्रचंड गुंतवणूक नावापुरत्या कंपन्यांआड लपवल्याचा ठपका होता. घरभाडं मागे ठेवून आधी दशांश भरलेल्या माणसाला नव्या टेंपलच्या दगडात आपले पैसे दिसले तर नवल नाही.

श्रद्धावंतांचा आनंदही खरा आहे. इतकी वर्षं त्यांना डोंगरातल्या रस्त्याने प्रोव्होला जावं लागत होतं. आणि पंथ सोडलेले सगळेच विरोधात नाहीत. कित्येकांच्या आया या टेंपलची वाट पाहताहेत आणि त्यांचं मन मोडायची मुलांची इच्छा नाही.

टेंपल बांधून झालं की समर्पणाआधी काही आठवडे ‘ओपन हाउस’ असतं. तेवढे दिवस रिकमेंड लागत नाही. सीलिंगच्या खोल्याही पाहता येतात. समर्पणानंतर दार पुन्हा कार्डवाल्यांपुरतं. या दिवसांत आत जाऊन यावं की नाही, यावर पंथ सोडलेल्या नवरा-बायकोचंही अनेकदा एकमत होत नाही.