खेळताना पाणी प्यायचे नाही, हे आले कुठून?

२०२५ साली गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी ७ एप्रिलला सुरू झाले. ऐन उन्हाळ्यात मुलांना शाळेत कसे पाठवायचे, म्हणून पालकांनी जोरदार विरोध केला. तो रास्तच होता. पण गोव्यातली मुले एप्रिल-मेमध्ये उन्हात पहिल्यांदा उतरली असे नाही. सुट्टीतली फुटबॉल शिबिरे, कापणी झालेल्या शेतात भरणाऱ्या वाड्यावाड्यांच्या स्पर्धा, हे सगळे याच दिवसांत चालते. आणि तिथे आजही ऐकू येते: "आता पाणी पिऊ नको, पोटात कळ येईल."

या सांगण्यामागे मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याविना टिकणे हीच खेळाडूची ताकद मानली जाई. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावरून झाली आणि वाटेत पाणी जेमतेम एक-दोन ठिकाणी होते. ३२ जण धावायला निघाले, शेवटपर्यंत पोचले १४. त्यातून धडा घ्यायला हवा होता, पण पुढे कित्येक वर्षे मॅरेथॉनच्या नियमांतच पहिल्या टप्प्यात पाणी देण्याला मनाई राहिली. पोटात कळ येते हे अर्धसत्य आहे. घटाघट अर्धा लिटर पिऊन धावले तर येते. दोन-चार घोट घेतले तर सहसा येत नाही.

आपल्याकडे ही शिस्त खेळाबरोबरच आली असावी. गोव्यात फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीला फादर विल्यम लायन्स यांच्यामुळे आला, असे मानले जाते. हा खेळ थंड देशात घडलेला. पंचेचाळीस मिनिटे सलग खेळायचे, मध्यंतर एकदाच. तिथल्या हवेत ते चालून जाते.

त्याच काळात आपल्या शेतांमध्ये मात्र वेगळीच रीत होती. सकाळी लवकर कामाला लागलेला माणूस अकराच्या सुमाराला बांधावर बसून पेज प्यायचा. उकड्या तांदळाची, पातळ, शीत बोटाने सहज चिरडेल इतकी शिजलेली, मीठ घातलेली, आणि तोंडी लावायला खारातले तोर, म्हणजे कैऱ्या. पाणी, मीठ आणि पिष्ट, तिन्ही एका वाडग्यात, आणि तेही ऊन चढण्याच्या वेळेला. मला यात मोठे शहाणपण दिसते.

प्रयोगशाळेला तिथे पोचायला वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड ॲडॉल्फ यांनी वाळवंटातल्या सैनिकांवर अभ्यास केला. तो १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आला. पाणी समोर असूनही घामाने तापलेला माणूस गमावलेले पाणी पूर्ण भरून काढत नाही, तहान मागेच राहते, हे त्यांनी दाखवले. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी मॅरेथॉनमध्ये कमी पाणी पिण्याचा धोका मांडला आणि १९७५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने वाटेत नियमित पाणी देण्याची शिफारस केली. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. "जमेल तितके प्या" या सल्ल्यामुळे काही धावपटूंच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुणीचा त्यात मृत्यू झाला. तासन् तास नुसते पाणीच पाणी हेही घातक, हे तेव्हा सर्वांना कळले.

मुलांची गोष्ट याहून थोडी निराळी. १९८० मध्ये ओडेड बार-ओर यांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांना गरम खोलीत व्यायाम करायला लावला. हवे तितके पाणी होते, तरी मुले पुरेसे प्यायली नाहीत. १९९६ मध्ये बार-ओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की पाण्याला चव आणि किंचित मीठ असेल तर मुले आपणहून जास्त पितात. हे वाचताना कोकम सरबत आठवणार नाही असा गोवेकर विरळा. आंबट, गोड आणि चिमूटभर मीठ.

मुलांचे शरीर मुळातच उन्हाला कच्चे, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये म्हटले होते. २०११ मध्ये त्यांनी ते बदलले. पाणी पुरेसे मिळाले तर मुले मोठ्यांइतकीच तग धरतात. घात होतो तो अति श्रम, अपुरी विश्रांती आणि चुकीचे कपडे यांमुळे. म्हणजे जबाबदारी मुलाच्या शरीरावरून उठून प्रशिक्षकाच्या वेळापत्रकावर आली. ९ ते १२ वर्षांच्या मुलाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, हे प्रमाण त्याच शिफारशीतले. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, हेही शिबिर आखणाऱ्याने धरून चालावे. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर नको.

गोव्यात आणखी एक फसगत होते, ती पाऱ्याची. किनारी भागात कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर गेले, तरच हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मार्च २०२३ मध्ये असा इशारा आला तेव्हा दोन दिवस शाळा दुपारी बाराच्या आत सोडायला सांगितले गेले. पण मे महिन्यात पणजी-मडगावात पारा बहुतेक ३३-३४ वर घुटमळतो आणि हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पाणी तेवढे जाते. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या तळावर मरीन दलाचे कोवळे रंगरूट कवायतीत उष्माघाताने कोसळत होते. तिथे यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये मांडलेला, उष्णतेचा अंगावरचा ताण मोजणारा निर्देशांक आजही वापरात आहे. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि आपण रोज पाहतो त्या साध्या पाऱ्याला फक्त १० टक्के. बातम्यांत दिसणारा आकडा आपल्या मैदानाबद्दल किती थोडे सांगतो, हे यावरून लक्षात यावे.

मिठाच्या पाण्याची कथा तर आपल्याच उपखंडातली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. पुढे ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही तोच गुण दाखवला. म्हणजे आपली पेजच. तासाभराच्या खेळाला मात्र ओआरएस, म्हणजे हे मीठ-साखरेचे पाणी, लागत नाही. साधे पाणी पुरते. लांबलेल्या सरावाला, दिवसाला दोन सामने असतील तेव्हा मीठ हवे. ओआरएसचे नाव लावून विकली जाणारी गोड पेये फार काळ पालकांना फसवत राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित सूत्राखेरीज कोणत्याही पेयावर ते नाव छापायला बंदी केली. हे कितीतरी आधी व्हायला हवे होते.

फुटबॉलच्या नियमांतही आता पाण्यासाठी एक मिनिटापर्यंतचा आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा विराम मान्य आहे. २०१४ च्या विश्वचषकात फोर्तालेझाच्या उकाड्यात नेदरलँड्स-मेक्सिको सामना त्यासाठी थांबला होता. वाड्यावरच्या स्पर्धेत पंचाने शिट्टी वाजवून तेच केले तर कुणी आक्षेप घ्यायचे कारण नाही.

शाळांपुरता एक मार्ग केरळने २०१९ मध्ये राज्यभर सुरू केला: ठरावीक वेळी पाण्याची घंटा. घंटा झाली की सगळ्यांनी बाटल्या उघडायच्या. त्या चर्चेत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, जी मैदानावर फारशी बोलली जात नाही. स्वच्छतागृह बरे नसेल तर मुली दिवसभर पाणीच टाळतात. गोव्यात मुलींचे संघ आणि शिबिरे भरतात, पण मैदाने बहुतेक उघडी शेतेच. तिथे पाण्याचे कॅन किती आणायचे हे ठरवताना, जवळच्या कुणाच्या घरची मोरी मुलींसाठी खुली राहील का, हे आयोजकांनी त्याच बैठकीत विचारून घ्यावे.