सेवेच्या बोलीवर शिक्षण: अमेरिकी महाविद्यालयांतील सेवा-शिष्यवृत्त्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील काही महाविद्यालयांत आज असे विद्यार्थी आढळतात, ज्यांना शिष्यवृत्ती मिळते ती परीक्षेतील गुणांसाठी किंवा मैदानावरील कामगिरीसाठी नव्हे, तर दर आठवड्याला ठरावीक तास सरकारी शाळांत, निवारागृहांत, वृद्धाश्रमांत किंवा गरजूंना धान्य वाटणाऱ्या केंद्रांत काम करण्याच्या बोलीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच विद्यार्थी पूर्णवेळ सेवा करतात आणि त्यांपैकी काही जण त्यासाठी परदेशी जातात. या व्यवस्थेला आजचे रूप येऊन जेमतेम ३५ वर्षे झाली असली, तरी तिच्यामागे दोन जुन्या परंपरा आहेत. पहिली, सुस्थितीतील घरांमधून आलेल्या तरुणांनी गरिबांमध्ये जाऊन केलेल्या सेवेची. दुसरी, गरीब घरांतल्या मुलांनी श्रम करून मिळवलेल्या शिक्षणाची. जवळजवळ शतकभर या दोन्ही परंपरा एकमेकींना फारशा न भेटता चालत राहिल्या, आणि सेवा कोणी करायची व कोणी घ्यायची याची वाटणी त्यामुळे आपोआपच ठरून गेली.

पहिल्या परंपरेचा उगम अमेरिकेबाहेरचा आहे. १८८४ साली सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकाने लंडनच्या ईस्ट एंड या दरिद्री भागात टॉयन्बी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तरुणांनी तिथे येऊन राहावे, शेजाऱ्यांना शिकवावे आणि त्यांचे जगणे जवळून पाहावे, अशी ती कल्पना होती. जेन ॲडम्स यांनी हे काम प्रत्यक्ष पाहिले आणि १८८९ मध्ये एलेन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोमध्ये हल हाउसची स्थापना केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवर स्मिथ, वेलस्ली यांसारख्या स्त्रियांच्या महाविद्यालयांतील पदवीधरांनी असेच एक केंद्र उघडले. या चळवळीत स्त्रिया एवढ्या मोठ्या संख्येने का आल्या, हे समजण्याजोगे आहे: त्यांना उच्च शिक्षण मिळू लागले होते, पण वकिली, वैद्यकी, प्राध्यापकी यांची दारे बहुतांशी बंदच होती. अशा केंद्रांची गरज गरिबांइतकीच शिकलेल्या आणि काम नसलेल्या तरुण पिढीलाही आहे, असे ॲडम्स यांनी मोकळेपणाने मांडले. सेवेमागचा स्वार्थ इतक्या स्वच्छ शब्दांत कबूल करणारे त्या काळात थोडेच होते. मात्र या केंद्रात राहायला जायचे, तर घरचा आर्थिक आधार असावा लागे, आणि ही अट कुठेही लिहिलेली नसली तरी ती सर्वांना माहीत होती.

परदेशातील सेवेची सुरुवात धर्मप्रसारातून झाली. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी मिशन कार्याला जाण्याची तयारी दर्शवली. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने पुढील काही दशकांत हजारो पदवीधरांना आशिया आणि आफ्रिकेत पाठवले. पुढे धार्मिक हेतू मागे पडला, तरी विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांची भरती करायची, प्रत्येक महाविद्यालयात एक मंडळ असावे आणि परदेशी जाण्यापूर्वी प्रशिक्षण घ्यावे, ही पद्धत टिकली.

दुसरी परंपरा केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजमध्ये सर्वांत स्पष्टपणे दिसते. गुलामगिरीला विरोध करणारे पाद्री जॉन फी यांनी १८५५ मध्ये या संस्थेचा पाया घातला. यादवी युद्धानंतर तिथे काळे आणि गोरे विद्यार्थी एकत्र शिकू लागले. १९०४ साली राज्याने कायदा करून हे सहशिक्षण बंद पाडले आणि १९५० पर्यंत ते पूर्ववत झाले नाही. १८९२ पासून या कॉलेजने शिकवणी शुल्क घेतलेले नाही. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान १० तास काम केले पाहिजे, असा नियम आहे आणि तो सर्वांना सारखाच लागू आहे. ॲपालाचियन डोंगराळ प्रदेशातील, खाणी आणि तुटपुंज्या शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलांना पदवीपर्यंत नेणारी ही ‘कमवा आणि शिका’ व्यवस्था होती. तिच्यातले श्रम मुख्यतः संस्था चालवण्यासाठी होते. स्वयंपाकघर, शेत, सुतारकाम, विणकाम अशी त्यांची क्षेत्रे होती. हाच विद्यार्थी आपल्याच गावात समाजकार्यासाठी गेला आणि ते तास श्रमात धरले गेले तर काय होईल, हा प्रश्न विचारला जायला पुढे बराच काळ जावा लागला.

सरकारने यात पहिल्यांदा हात घातला तो महामंदीच्या काळात. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय युवा प्रशासनाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कामाच्या मोबदल्यात मासिक मदत देऊन शिक्षण सोडू न देण्याचा प्रयत्न केला. १९४४ च्या सैनिक पुनर्वसन कायद्याने दुसरेच तत्त्व रुजवले: देशाची सेवा करणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च देशाने उचलावा. ही सेवा अर्थात लष्करी होती. तिला समांतर अशी नागरी सेवा तरुणांकडून घ्यावी, हा विचार तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०६ मध्ये स्टॅनफर्ड येथील व्याख्यानात मांडला होता. पण शिक्षणखर्चाशी तो जोडला जायला जवळपास ९० वर्षे लागली.

परदेशातील सेवेला निधर्मी रूप मिळाले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जेम्स रॉबिन्सन यांनी १९५८ मध्ये ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ सुरू केले आणि अमेरिकी विद्यार्थ्यांचे गट उन्हाळ्यात आफ्रिकी देशांत स्थानिक तरुणांबरोबर काम करू लागले. १४ ऑक्टोबर १९६० च्या पहाटे दोनच्या सुमारास, निवडणूक प्रचाराच्या धामधुमीत, जॉन केनेडी यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून विद्यार्थ्यांना विचारले, की तुमच्यापैकी किती जण विकसनशील देशांत जाऊन काम करायला तयार आहेत. विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम उघडून उत्तर दिले. १ मार्च १९६१ रोजी विकसनशील देशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या पीस कोअर या सरकारी संस्थेची स्थापना झाली, त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानात उतरली आणि १९६६ पर्यंत स्वयंसेवकांची संख्या १५,००० च्या वर गेली. या उत्साहाला सर्वांत झोंबणारे उत्तर १९६८ च्या एप्रिलमध्ये मिळाले. मेक्सिकोत उन्हाळी कामासाठी विद्यार्थी पाठवणाऱ्या एका संघटनेसमोर क्वेर्नाव्हाका येथे बोलताना विचारवंत इव्हान इलिच यांनी त्या तरुणांना सांगितले, की तुमचा हेतू शुद्ध असला तरी ज्यांची भाषाही तुम्हाला येत नाही, त्यांच्यावर तुम्ही आपली जीवनपद्धती लादत आहात. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिच यांचा पवित्रा टोकाचा होता. तरीही परदेशी सेवेसाठी तरुण पाठवणारी कोणतीही गंभीर संस्था त्यानंतर हा आक्षेप टाळून पुढे जाऊ शकली नाही. भाषेची तयारी, यजमान संस्थेने ठरवलेले काम आणि परतल्यावरचे चिंतन या गोष्टींवर आज जो भर दिसतो, तो बऱ्याच अंशी अशा टीकेमुळे आला आहे.

देशांतर्गत पातळीवर १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने दोन गोष्टी केल्या. गरीब वस्त्यांत वर्षभर काम करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ‘व्हिस्टा’ ही योजना आली आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून काम देणारी ‘वर्क-स्टडी’ योजना सुरू झाली. दुसऱ्या योजनेत महाविद्यालयाबाहेरच्या सार्वजनिक हिताच्या कामालाही वाव होता. प्रत्यक्षात मात्र ती ग्रंथालयाचा काउंटर, भोजनगृह आणि कार्यालयातील कागदपत्रे यांतच प्रामुख्याने अडकून पडली, कारण स्वस्त मनुष्यबळ महाविद्यालयांनाही हवेच होते. १९९२ च्या कायदादुरुस्तीने या निधीचा किमान ५ टक्के भाग समाजसेवेच्या कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले आणि २००० साली ते ७ टक्के झाले. एवढ्या लहान आकड्यासाठी कायदा करावा लागला, यावरून आधीची स्थिती लक्षात यावी.

१९८० च्या दशकात अमेरिकी विद्यार्थी केवळ स्वतःच्या नोकरीचा विचार करतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येत असे. हार्वर्डमधून नुकतेच बाहेर पडलेले वेन मायझेल यांना ती पटत नव्हती. १९८४ मध्ये ते मेन राज्यातून निघाले आणि वाटेतील महाविद्यालयांना भेटी देत पायी वॉशिंग्टनपर्यंत गेले. विद्यार्थ्यांत इच्छेची उणीव नसून ती वळवणारी रचना नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता, आणि त्यातून विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याला बळ देणारी ‘कूल’ ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी ब्राउन, जॉर्जटाउन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी पुढाकार घेऊन ‘कॅम्पस कॉम्पॅक्ट’ ही संघटना स्थापन केली. एक प्रयत्न खालून वर गेला, दुसरा वरून खाली आला. पण दोन्हींत एक अडचण तशीच राहिली. ज्याला शिक्षणासाठी संध्याकाळी हॉटेलात किंवा दुकानात काम करावे लागते, त्याने विनामोबदला सेवेसाठी वेळ कुठून काढायचा?

या अडचणीला थेट हात घातला तो बॉनर दांपत्याने. कोरेला बॉनर यांचा जन्म तेनेसी राज्यातील कोळसा खाणीच्या वस्तीत, गरिबीत झाला होता. किशोरवयात त्या आईबरोबर डेट्रॉइटला गेल्या आणि नोकरी करत शिकल्या. बर्ट्राम बॉनर ब्रुकलिनमध्ये वाढले, महामंदीत कफल्लक झाले आणि नंतर घरबांधणीच्या व्यवसायात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. १९८९ मध्ये दोघांनी न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९९० मध्ये बेरिया कॉलेजमध्ये ‘बॉनर स्कॉलर्स’ या सेवा-शिष्यवृत्तीची पहिली तुकडी सुरू झाली. प्रतिष्ठानाचे नेतृत्व मायझेल यांच्याकडे आले. ज्या प्रदेशातून कोरेला आल्या, त्याच प्रदेशातील मुलांसाठी असलेले कॉलेज, तिथली शतकभराची श्रमाची शिस्त आणि विद्यार्थी सेवाचळवळीतील एक संघटक असा हा योग होता. दोन परंपरांची भेट झाली ती इथे.

या योजनेची रचना साधी आहे आणि तिचे बळ त्या साधेपणातच आहे. प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांची निवड होते. सत्र चालू असताना आठवड्याला १० तास आणि सेवेच्या उन्हाळ्यात २८० तास काम करावे लागते. मदत चारही वर्षे चालते, त्यामुळे पहिल्या वर्षी वेगवेगळी कामे पाहणारा विद्यार्थी शेवटच्या वर्षापर्यंत एखाद्या संस्थेत प्रकल्प सांभाळण्याइतका तयार होतो आणि संस्थेलाही दर सहा महिन्यांनी नवा चेहरा शिकवत बसावे लागत नाही. सामाजिक न्याय, नागरी सहभाग, विविधता यांबरोबर आंतरराष्ट्रीय दृष्टी हे या योजनेचे एक जाहीर उद्दिष्ट आहे. परदेशातील उन्हाळी सेवा ही इथे हौशी सहल राहत नाही. गावात जे काम चालते, त्याचाच तो पुढचा टप्पा मानला जातो. स्पेलमन आणि मोरहाउस ही ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये, तसेच डेव्हिडसन, ओबर्लिन, अर्लहॅम अशा परस्परांहून भिन्न संस्थांनी ही योजना स्वीकारली.

त्याच काळात केंद्र सरकारही या दिशेने सरकत होते. १९९० मध्ये जॉर्ज बुश यांनी आणि १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय सेवाविषयक कायद्यांवर सह्या केल्या. १९९४ मध्ये अमेरिकोअर या देशांतर्गत सेवेच्या सरकारी योजनेचे पहिले सुमारे २०,००० सदस्य कामाला लागले. वर्षभर पूर्णवेळ, म्हणजे १,७०० तास, सेवा करणाऱ्याला शिक्षणासाठी ४,७२५ डॉलर मिळत. २००९ च्या कायद्याने ही रक्कम गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ‘पेल’ अनुदानाच्या कमाल मर्यादेशी जोडली. या पुरस्कारावर प्राप्तिकर लागतो, हा तपशील अनेकांना चकित करतो. सेवा म्हणून गौरवायचे आणि उत्पन्न म्हणून कर घ्यायचा, ही विसंगती अजून सुटलेली नाही.

पैसे घेऊन केलेली सेवा ही सेवाच राहते का, असा आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला. माझ्या मते या आक्षेपात तथ्य कमी आहे, कारण विनामोबदला सेवा करणाऱ्याचा खर्चही कोणीतरी, बहुधा त्याचे आईवडील, उचलतच असतात. त्यापेक्षा दुसरी टीका अधिक वजनदार आहे: श्रीमंत वर्गमित्राला बिनशर्त मिळणारा अभ्यासाचा वेळ गरीब विद्यार्थ्याला मात्र सेवेचे तास भरून विकत घ्यावा लागतो. दहा तासांची मर्यादा हा त्यावरचा व्यवहारी तोडगा आहे, पूर्ण उत्तर नाही.

परदेशी जाण्याची संधी अशा विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा मिळाली. २००० साली संमत झालेल्या कायद्याने सुरू झालेली गिलमन शिष्यवृत्ती पेल अनुदान मिळणाऱ्यांनाच परदेशी शिक्षणासाठी दिली जाते आणि परतल्यावर मायदेशात सेवेचा एक प्रकल्प पार पाडणे हा तिचा भाग आहे. २००७ मध्ये कॅथरिन वॉसरमन डेव्हिस यांनी आपल्या शंभराव्या वाढदिवसानिमित्त विद्यार्थ्यांच्या १०० शांतता प्रकल्पांना प्रत्येकी १०,००० डॉलर देऊ केले. ती योजना पुढे दरवर्षी चालू राहिली. तिथे प्रस्ताव विद्यार्थ्यानेच लिहायचा असतो, आणि अनेक अर्जदार आपल्याच मूळ देशात किंवा गावात परत जाऊन काम करतात. इलिच यांनी ज्यांना येऊ नका म्हटले, त्यांच्यात आणि या विद्यार्थ्यांत हा मोठा फरक आहे.

या सगळ्या योजना एकाच प्रकारच्या पैशावर चालत नाहीत. बॉनर स्कॉलर्स खाजगी निधीवर उभी राहिली. तिचाच विस्तार म्हणून आलेली ‘बॉनर लीडर्स’ ही योजना अनेक ठिकाणी वर्क-स्टडी आणि अमेरिकोअरच्या सरकारी निधीचा आधार घेते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकोअरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने एकाएकी रद्द केली आणि अनेक राज्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. स्वतःचा कायम निधी असलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी अशा वेळी आपले तास पूर्ववत भरू शकतात. ज्यांची मदत सरकारी अनुदानातून येते, त्यांना मात्र शाळेतल्या मुलांची शिकवणी सोडून पुन्हा दुकानातील पाळी धरावी लागू शकते.