बेअरिंग बदललं, तरी पंप हादरतोच

उजनी 'मायनस'मध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेली की सोलापूरच्या बातम्यांत दुबार पंपिंग (पाणी दोन टप्प्यांत उपसणं) येतंच. धरणात किती टक्के उरलं, नळाला किती दिवसांआड येणार, यावर चर्चा झडते. पातळी उतरल्यावर जॅकवेलमधल्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतल्या, मोठ्या पंपांचं काय होत असेल, हे कुणी विचारत नाही. आणि पंप हादरायला लागलाच तर उत्तर तयार असतं: "बेअरिंग गेलं, बदला."

हादरा किती मोठा, यापेक्षा तो सेकंदाला किती वेळा बसतो, हे आधी बघायचं. मिनिटाला १४८० फेरे म्हणजे सेकंदाला २४.७. हादरा त्याच गतीने असेल तर पहिला संशय फिरत्या भागाच्या असमतोलावर. दुप्पट गतीने आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही असेल, तर मोटर आणि पंप बहुधा एका रेषेत नाहीत. बेअरिंगच्या दोषाचे ठोके फेऱ्यांच्या पूर्ण पटीत बसत नाहीत. वीज तोडताक्षणी हादरा थांबला, तर मोटरच्या विद्युत भागात बघा. वेग उतरेल तसा उतरला, तर यंत्रात.

या कशातच न बसणारा एक प्रकार आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे: कॅव्हिटेशन.

पाणी १०० अंशांना उकळतं, ते समुद्रसपाटीच्या दाबाला. दाब ४.२ किलोपास्कलवर आणा, ३० अंशांचं पाणीही उकळेल. सोलापूरच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९६ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ९.८ मीटर पाण्याचा स्तंभ पेलण्याइतका. ही पंपाची पुंजी. इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) वर जितकं पाणी उभं, तितकी त्यात भर. जाळीत अडकलेला कचरा ती खातो. शिवाय पाणी पात्यावर वेगाने चढताना पात्याच्या एका बाजूला दाब आणखी पडतो. पातळी खाली गेली की पुंजी संपते आणि तिथे पाणी थंडच उकळतं. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात शिरले की क्षणात कोसळतात. असा बुडबुडा मिटताना प्रचंड दाब तयार होतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. धातूलगतचा बुडबुडा तर चहूकडून सारखा मिटतही नाही: धातूच्या विरुद्ध बाजूने पाण्याची सूक्ष्म धार त्यात घुसते आणि पात्यावर आदळते. असे असंख्य मार खाऊन पात्याला खड्डे पडतात.

बुडबुडे ठरलेल्या तालात फुटत नाहीत. म्हणून हादऱ्याच्या वारंवारतांच्या आलेखात एकच उंच टोक दिसत नाही. वरच्या वारंवारतांचा अख्खा पट्टा वर उचललेला दिसतो. कानाला पंपातून खडी चालल्यासारखं वाटतं. इथे नवं बेअरिंग काय करणार? पॅनेलला बांधलेली लिंबू-मिरचीही तेवढंच करते. 'एआय सेन्सर' विकणारे पातळी मोजायचं विसरले, तर त्यांचाही उपयोग बेताचाच.

साधी चाचणी अशी: डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह थोडा आवळा. प्रवाह घटला की पंपाला तोंडाशी लागणारा दाबही घटतो. खडखड कमी झाली तर संशय बळावला. फार आवळू मात्र नका. प्रवाह फारच कमी झाला तर पाणी इंपेलरच्या तोंडाशी उलटं फिरायला लागतं, आणि तीच खडखड दुसऱ्या कारणाने परत येते.